दुसऱ्या मजल्यावरचं कोकरू

जिन्याच्या सातव्या पायरीवर पाच-सहा लेंड्या पडल्या होत्या. रात्रपाळी करून आलेली पल्लवी त्यांच्याकडे बघत तिथंच थांबली. दुसऱ्या कुणाला त्या सांडलेल्या मिऱ्यांसारख्या वाटल्या असत्या. काळ्या, ओलसर, जिन्याच्या जाळीतून आलेल्या उन्हात किंचित चमकणाऱ्या. अर्धा ताससुद्धा झाला नसेल, असं तिच्या मनात आलं, आणि आपल्याला हे नुसत्या नजरेनं कळलं याचाच तिला धक्का बसला. पंधरा वर्षं सांगलीत गेली. नर्सिंगचं होस्टेल, मग तीन भाड्याच्या खोल्या, मग हा विश्रामबागेतला फ्लॅट. रोज सकाळी अंघोळीला वासाचा साबण, केसांना वासाचं तेल. तरी डोळे काही विसरले नव्हते. वर कुणाच्या तरी दाराची कडी वाजली. तिनं पर्समधून रुमाल काढला, वाकून लेंड्या टिपल्या, रुमालाची पुरचुंडी केली आणि ती मुठीत घट्ट धरून वर गेली. काहीतरी चोरून नेत असल्यासारखी.

दार आप्पांनी उघडलं. बिराप्पा, तिचे वडील. डोक्याला पटका, अंगात बंडी, आणि पायाशी ते कोकरू, अडीच-तीन महिन्यांचं, काळं, एका कानावर पांढरा ठिपका असलेलं. "आप्पा, ह्याला बाहेर नेलं होतं?" तिनं दार लावून घेत दबक्या आवाजात विचारलं. "गच्चीवर नेलं हुतं. उतरताना सुटून खाली पळालं, धरून आणलं. ऊन नगं व्हय त्याला? फरशीवर बसून बसून पाय गारठत्यात लेकराचं," आप्पा म्हणाले. दबका आवाज त्यांना जमायचाच नाही. माळावर एका टेकाडावरून दुसऱ्या टेकाडावर बोलण्यात आयुष्य गेलेलं. पण ते बोलत होते. तिनं पुरचुंडी कचऱ्यात टाकली, हात धुतले, आणि चहाचं आधण ठेवता ठेवता तिला वाटलं, ओरडावं की नको. महिन्यापूर्वी हा माणूस 'हूं' सुद्धा म्हणत नव्हता.

दिवाळी झाली तेव्हा त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा मुक्काम, कोरेगावच्या पुढं कुणाच्या तरी मोकळ्या रानात होता. तिथं आव्वाला ताप आला. आव्वा म्हणजे धोंडुबाई, तिची आई, माहेर पार अथणीकडचं, त्यामुळं बोलता बोलता कानडीत शिरणारी. ताप अंगावर काढत ती तीन दिवस कोकरांचं करत राहिली. पल्लवीला फोन आला तो तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी, आणि ती पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आपण सिस्टर. रोज वीस-वीस माणसांचा ताप कागदावर उतरवणाऱ्या. आणि आईचा ताप आपल्याला तिसऱ्या दिवशी कळावा. ही गोष्ट तिनं कुणाला बोलून दाखवली नव्हती, पण वॉर्डात कुणाच्या कपाळावर हात ठेवला की ती हातातून वर चढत यायची. मग सिद्धूनं, धाकट्या भावानं, कळप विकला. त्याचंही चूक नव्हतं. तो लोणंदला कंपनीत, त्याची पोरं शाळेत. एकट्या म्हाताऱ्यानं दीडशे मेंढरं कशी फिरवायची? गावातलं घर म्हणजे जतच्या पलीकडं एक कुलूपबंद खोली. तिनंच म्हटलं, आप्पांना मी नेते.

आणि आप्पा आले, आणि बाल्कनीतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले, ते बसूनच राहिले. ताट ठेवलं की दोन घास खायचे. रात्री गादी सोडून फरशीवर घोंगडं टाकायचे आणि डोळे उघडे ठेवून पडायचे. तिला कळत होतं त्यांना झोप का येत नाही ते. लहानपणी ती पण त्याच आवाजात झोपलेली होती. शेकडो तोंडांचं रवंथ, श्वासांचा एक सलग, ऊबदार, जड आवाज, मध्येच एखादी शिंक, एखाद्या आईची पोराला हाक. शाळेच्या वसतिगृहात गेली तेव्हा पहिले कितीतरी दिवस तिला शांततेनं जाग यायची. मैत्रिणी म्हणायच्या, काय गं, घाबरतेस का? ती म्हणायची, हो. घाबरणं हे सांगायला सोपं होतं. हॉस्पिटलातल्या मानसोपचाराच्या डॉक्टर रेश्मा मॅडमनी आप्पांना तपासलं, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी ते पेंगायचे, झोपायचे नाहीत. जानेवारी लागला आणि एक दिवस आप्पा घरातून नाहीसे झाले. ती ड्यूटी सोडून स्टँडपर्यंत हिंडली, सिद्धूला फोन केले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं तर दारात आप्पा, घोंगड्याची खोळ घेतलेले, आणि घोंगडं हलत होतं. कळप घेणाऱ्याकडून ते हे एक परत मागून आले होते. "तुझ्या आव्वानं बाटलीवर जगिवल्यालं हाय हे," एवढंच ते म्हणाले. त्या दुपारी ते दोन भाकरी जेवले. रात्री ती पाणी प्यायला उठली तेव्हा आप्पा घोरत होते आणि त्यांच्या काखेत तोंड घालून कोकरू रवंथ करत होतं. स्वयंपाकघराच्या दारात ती बराच वेळ उभी राहिली. भाडेकरारातलं अकरावं कलम, घरात जनावर पाळायचं नाही, तिला पाठ होतं.

जिन्यात लेंड्या सापडल्या त्याच दुपारी दार वाजलं. विजयमालाकाकी. तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या घरमालकीणबाई. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा धैर्यशील पुण्याला. करार, नियम, नोटिसा सगळं तोच तिकडून बघायचा. काकींनी आत पाऊल टाकलं आणि नाकानं एकदाच श्वास घेतला. तेवढ्यानं पल्लवीचे कान तापले. "गच्चीवर वाळवण घालायला गेलते. काय बघितलं म्हाईताय? माझ्या कुरडया खाल्ल्याती कुणीतरी," काकी म्हणाल्या. मग त्यांची नजर बाल्कनीकडं गेली. आप्पा उठून उभे राहिले होते, कोकरू त्यांच्या पायांत होतं. "बया गं," काकी म्हणाल्या. रागावण्याआधी त्यांच्या तोंडून तेच आलं. मग रागावल्या. "पल्लवी, तुला मी एकटी बाई म्हणून घर दिलं. दुसऱ्या कुणी दिलं नसतं. कुत्रं न्हाई, मांजर न्हाई, आन् तू थेट मेंढरू आणलंस?"

आप्पा पुढं आले. "वैनीसाब, पोरीला बोलू नगासा. म्या आणलं." काकींनी त्यांना नीट बघितलं. "पाव्हणं, तुमी काय करत होता गावाकडं?" पल्लवीनं डोळे खाली केले. घर घेताना याच प्रश्नाला तिनं 'शेती' असं उत्तर दिलं होतं. हॉस्पिटलातही शेती. पंधरा वर्षं सगळीकडं शेती. "मेंढरं," आप्पा म्हणाले, नाव विचारल्यावर नाव सांगावं तसं. "बापजाद्यापासनं मेंढरंच. हिकडं बी याचो की आमी, नदीच्या अंगाला. ऊस तुटला की मालक बोलवायचं, खतासाठी रानात मेंढरं बसवा म्हणून." काकींचा चेहरा जरासा सैल पडला. "व्हय, आमच्या मामंजींच्या रानात बी बसायचे धनगर. मी नवी नवरी हुते तवा. रातभर आवाज यायचा," त्या म्हणाल्या. पल्लवीला वाटलं, आता होईल काहीतरी. पण काकी थोडा वेळ कोकराकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तवा रान व्हतं, पाव्हणं. आता फरशी हाय. वरच्या मजल्यावरचं लेकरू भिईल, खालचे वासाला बोलतील, आन् माझं पोरगं मला बोलंल. आठवड्याभरात सोय करा ह्याची." जाताना त्या दारात घुटमळल्या. "बाटली चालू हाय का अजून?" "न्हाई. उसाचं वाढं खातंय आता," आप्पा म्हणाले. "हां," काकी म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी रेश्मा मॅडमनी ऐकून घेतलं आणि हसल्या. मग हसू आवरून लेटरहेड पुढं ओढलं. "बाहेरच्या देशांत याला नाव आहे. इमोशनल सपोर्ट ॲनिमल. भावनिक आधारासाठी ठेवलेलं जनावर. तिथंसुद्धा भांडणं होतातच. आपल्याकडं मालकानं हा कागद मानलाच पाहिजे असं काही नाही, सिस्टर. पण लिहून देते. खोटं काहीच नाही यात." त्यांनी लिहिलं. पल्लवीनं कागद बसमध्ये दोनदा वाचला. पत्नीच्या निधनानंतरचे नैराश्य. झोप व आहारात लक्षणीय सुधारणा. प्राण्याचा सहवास खंडित होऊ नये. वाचताना तिला आव्वा आठवली. पावसाळ्यात चिखलातून चालताना आव्वाच्या दोन्ही काखोट्यांत दोन कोकरं असायची आणि पल्लवी मागून तिच्या लुगड्याचा पदर धरून चालायची. पाचेक वर्षांची असेल. मला घे म्हणून ती रडायची आणि आव्वा म्हणायची, तुला पाय आलेत, ह्यांना यायचेत. तेव्हा तिला त्या कोकरांचा राग यायचा. सहावीत जतच्या वसतिगृहात टाकलं तेव्हा सुटल्यासारखं झालं होतं. वर्गात एका मुलीनं नाक धरलं होतं त्यानंतरच साबण सुरू झाला. आव्वा एकदा भेटायला आली, हातात ताकाची बरणी, अंगाला तो वास, आणि फाटकापाशीच तिच्याशी दोन शब्द बोलून पल्लवी आत पळाली होती. आव्वानं त्याबद्दल पुढं कधी एक अक्षर काढलं नाही. बस मार्केट यार्डावरून वळली. आता या कागदावर आव्वाचं नाव नव्हतं, नुसतं 'पत्नी' होतं, आणि त्या एका शब्दावर तिनं अंगठा ठेवला.

काकींनी कागद हातात घेतला, चष्मा लावला, पूर्ण वाचला. "डॉक्टरीणबाईंनी चांगलं लिवलंय," त्या म्हणाल्या. फोटो काढून धैर्यशीलला पाठवला. त्याचा फोन लगेच आला आणि काकींनी तो स्पीकरवर टाकला, मुद्दाम की चुकून ते कळलं नाही. "आई, उद्या कुणी घोडा आणेल आणि कागद दाखवेल. एकाला सूट दिली की संपलं. कलम म्हणजे कलम." त्याचा आवाज वाईट नव्हता, नुसता घाईत होता. काकींनी फोन बंद केला आणि कागदाची घडी पल्लवीच्या हातात परत दिली. "त्याचं बी खरं हाय," त्या म्हणाल्या. पल्लवीनं हे आप्पांना सांगितलं नाही. पण आप्पांना सांगावं लागत नसे. आभाळ बघून वाडा हलवणारा माणूस तो, तिचा चेहरा बघून समजून गेला. "मी जातो गावाकडं," रात्री जेवताना ते म्हणाले. "खोली हाय की." "एकटे? कोण बघणार तुम्हाला तिथं?" "हे हाय न्हवं." "आप्पा, मी दुसरं घर बघते." "किती घरं बघशील गं पोरी? एक मिळालंय ते ऱ्हाऊ दे." ते भाकरीचा शेवटचा तुकडा कोकराला भरवत होते आणि ते त्यांची बोटंही चोखत होतं. तिनं पुढचे चार दिवस खरोखरच घरं बघितली. ड्यूटी सुटल्यावर, डोळे चुरचुरत असताना. प्रत्येक दारात तेच प्रश्न, एकट्याच का, आडनाव काय, बरोबर कोण. आणि शेवटचं उत्तर देताना ती 'वडील' म्हणून थांबायची. कोकराबद्दल विचारायचं धाडस एकदाच झालं. त्या बाईंना ती थट्टा वाटली.

सहाव्या दिवशी सकाळी ती नेहमीच्या वेळी घरासमोरच्या थांब्यावर बसमधून उतरली. समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत चालला होता, त्यावर स्पीकर एवढ्या मोठ्यानं लावलेला की रस्त्याकडेच्या दुकानांच्या काचा थरथरत होत्या. त्याच्या मागं वाहनांची रांग. आणि रांगेच्या मधोमध एक हात पसरून आप्पा उभे होते. पटका सुटून खांद्यावर आलेला, काखेत घोंगड्याची वळकटी, दुसऱ्या हातात नुसती दोरी. तिला सगळं एकदम कळलं. ती ड्यूटीवर असताना निघायचं, तिला आडवं यायला जागा ठेवायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. आणि त्या आवाजानं बुजून कोकरानं गळ्यातली दोरी सोडवली होती. ते ट्रॉलीच्या खालून पलीकडं गेलं, पुन्हा अलीकडं आलं, एका रिक्षाला घासून दुभाजकापाशी थबकलं. आप्पा हाक मारत होते, मोठ्या मेंढरांना मारायची ती, जिभेवरची, ठसकेदार. ते ऐकत नव्हतं. कसं ऐकेल? माणसं मोठा कळप घेऊन रानात जायची; कोकरं बायांपाशी, वाड्यावर राहायची. कोकरांना आप्पांची हाक कधी माहीतच नसते. त्यांना आईनंतर एकच आवाज माहीत असतो. मागून एक दुधाची गाडी हॉर्न वाजवत निघाली. पल्लवीच्या गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र होतं, अंगात पांढरा कोट होता, दुकानांतली माणसं तिला सिस्टर म्हणून ओळखत होती. काय करावं हे तिनं ठरवलं नाही. जीभ आपोआप टाळूला लागली, छातीच्या खालून कुठून तरी एक लांब थरथरतं 'र्रर्रर्र' निघालं आणि शेवटी वर उचललं गेलं. "र्रर्रर्र… बा, बा! बा, बा!" कानडी 'बा'. ये, ये. वीस-बावीस वर्षांत हा आवाज तिच्या घशातून आला नव्हता, आणि आला तो तिचा नव्हताच.

कोकराचा ठिपक्याचा कान वळला. मग सगळं अंग वळलं. दुधाची गाडी करकचून थांबली आणि कोकरू तिच्या पुढ्यातून सरळ पळत आलं, पायांत शिरलं, कोटाच्या टोकाला तोंड मारू लागलं, दूध शोधत असल्यासारखं. पल्लवी तिथंच रस्त्यावर बसली. त्याचं काळीज तिच्या हाताखाली एवढ्या जोरात उडत होतं की कुणाचं कुठलं ते कळेना. आप्पा आले. त्यांनी कोकराला हात लावला नाही. तिच्याकडं बघत उभे राहिले, तोंड किंचित उघडं. "धोंडूच बोलली," ते म्हणाले. "मला वाटलं, धोंडूच बोलली." आणि आव्वा गेल्यापासून जे झालं नव्हतं ते झालं. ते रडायला लागले, उभ्या उभ्याच, लहान पोरासारखे हुंदके देत. ती उठली, एका काखेत कोकरू घेतलं आणि दुसऱ्या हातानं त्यांचा हात धरला. "चला. घरी चला आप्पा."

विजयमालाकाकी फाटकात उभ्या होत्या. त्यांच्या हातातला पाण्याचा पाइप तसाच वाहत होता, पायाशी तळं साठलं होतं. त्यांनी सगळं बघितलं होतं. "ही कसली गं हाक?" त्यांनी विचारलं. पल्लवी थांबली. "आमची आहे काकी. माझ्या आईची. मी तुम्हाला शेती म्हटलं होतं, ते खोटं होतं. आम्ही मेंढरं राखणारी माणसं. मी पण राखलीत." बोलून झाल्यावर तिला वाटलं, काहीतरी मोठं कोसळेल. काकींनी फक्त पाइपचा नळ बंद केला. "ते मला पयल्या दिवशीच कळालतं, आडनावावरनं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, सांगायचं तवा सांगंल." मग त्यांनी आप्पांच्या काखेतल्या घोंगड्याच्या वळकटीकडं पाहिलं, आणि त्यांच्या ओल्या तोंडाकडं पाहिलं. "पाव्हणं, कुठं निघाला हुता न सांगता? चहा तरी घेऊन जायाचं." आप्पांनी पटक्याच्या टोकानं तोंड पुसलं. काकी वळल्या. "जिन्यानं वर न्यायचं न्हाई. मागच्या बाजूला माझी पडवी हाय, मोकळीच हाय, तिथं बांधा. तुमाला त्याच्याजवळ निजायचं तर निजा. पोरीला वाटलं तर ती खाली ईल." संध्याकाळी जिन्यावरून जाताना पल्लवीला त्यांचा फोनवरचा आवाज ऐकू आला. "कलम तुझं आसंल, धैर्यशील, पर आंगण माझं हाय. … व्हय, घोडा आणला तर बी बघू तवाचं तवा."

पडवीत आप्पांना झोप लागते. सगळं काही सुरळीत झालं असं नाही. पहिल्या मजल्यावरचे भाडेकरू नाक मुरडतात, धैर्यशील आईशी दोन आठवडे तुटक बोलला, आणि पुढच्या वर्षी करार होईल का ते अजून कुणी सांगितलेलं नाही. पल्लवी ड्यूटीवरून आली की आधी पडवीत जाते, कोट न काढताच थोडा वेळ बसते, आणि आप्पा मग आव्वाच्या गोष्टी सांगतात. तिला माहीत नसलेल्या, ती होस्टेलवर असतानाच्या. वसतिगृहाच्या फाटकावरच्या त्या भेटीबद्दल एक दिवस तिनंच विचारलं. आप्पा म्हणाले, "सांगितलतं मला तिनं. म्हणली, पोरीला पाय आलं." त्या सकाळी कोट काढून पल्लवी तिथंच घोंगड्यावर आडवी झाली.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी ती अशीच अर्धवट झोपेत होती. कोकरू सुटून परसातल्या मेथीच्या वाफ्यात शिरलं होतं, आणि काकी त्याला बोलावत होत्या. आधी नुसतं 'ए, ए'. मग, आजूबाजूला कुणी नाही असं बघून घेतल्यावर काढावा तसा, दबका आवाज. "ट्रर्र… बा… बा गं बाई." कोकरानं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा मेथीत घातली. भिंतीला टेकून बसलेल्या आप्पांच्या अंगातून आधी एक बारीक हादरा गेला. पल्लवीनं डोळे उघडले. ते हसत होते, तोंडावर पटक्याचं टोक दाबून, खांदे हलवत. "सांग त्यास्नी," ते कसंबसं म्हणाले, "टाळूतनं न्हवं म्हणावं, पोटातनं." पण पल्लवी उठली नाही. बाहेर काकींनी खाकरून घसा साफ केला आणि पुन्हा एकदा, या खेपेला जरा मोठ्यानं, हाक घातली.